चार आणे हिस्सा, सोळा आणे जबाबदारी

कापडाच्या व्यापाऱ्याने दगडाच्या खदानीवर लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु आमच्या व्यापारी बांधवांमध्ये गेल्या काही वर्षांपासून एक रिवाज पडला आहे. मंदीत लूम बंद पडतात, ग्रे कापडाचे पैसे सहा-सहा महिने अडकून राहतात, तेव्हा हातातली थोडी रक्कम दुसरीकडे लावावी म्हणून कोणी जमीन घेतो, कोणी डंपर घेतो, तर कोणी नातेवाईकाच्या खडीच्या खदानीत हिस्सा टाकतो. रस्ते होत आहेत, इमारती उठत आहेत, खडीला मागणी आहे आणि उधारीही कापडाइतकी लांब नाही. हिस्सा घेणारा समजतो की आपले काम पैसे देणे आणि वर्षाच्या शेवटी हिशोब घेणे. खदान कशी चालते ते पाहणे हे चालवणाऱ्याचे काम. आम्हीही बरीच वर्षे हेच समजत होतो.

२०१४ साली आमच्या साडूंनी शहरापासून बारा किलोमीटरवर एक लहान खदान व तिला लागून असलेला क्रशर घेतला. भागीदारी पत्रात त्यांचे बारा आणे, आमचे चार आणे. कामावर सारे मिळून चौदा माणसे: घण मारणारे, ड्रिल मशीनवाले दोन, पोकलेनचा ड्रायव्हर, क्रशरवरची चार पोरे आणि एक मुनीम. सुरुंग उडवण्यासाठी बाहेरचा ठेकेदार आठवड्यातून एकदा येत असे. महसूल खात्याचा गौण खनिजाचा परवाना होता, ब्रासप्रमाणे स्वामित्वधन वेळेवर भरले जात होते, वाहतुकीचे पास निघत होते. यापलीकडे कोणत्या कार्यालयाशी आपला काही संबंध असतो, असे ना साडूंना वाटले ना आम्हाला.

मार्च २०१७ मध्ये एका दुपारी डबर फोडताना घणाखालून उडालेली कपची एका मजुराच्या डाव्या डोळ्यात गेली. पोराचे वय पंचवीस. खदानीवर औषधाची पेटी म्हणून जी होती तिच्यात थोडा कापूस आणि एक रिकामी बाटली निघाली. मुनीमने ओला रुमाल बांधून त्याला मोटारसायकलवर मागे बसवले आणि गावातल्या डॉक्टरकडे नेले. त्यांनी हात न लावता नाशिकला पाठवले. दुसऱ्या दिवशी डोळा काढावा लागला. इस्पितळाचा खर्च खदानीने दिला, वर पंचवीस हजार रुपये रोख दिले आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर अंगठा घेतला की आम्हास रक्कम स्वखुशीने मिळाली, यापुढे आमची कोणतीही तक्रार नाही. साडूंनी आम्हाला फोनवर सांगितले, “मियाँ, मामला निपटला. पोरगा गरीब आहे, दुआ देत गेला.” आम्ही सुटकेचा श्वास सोडला. वर्षाच्या हिशोबात ही रक्कम ‘किरकोळ खर्च’ या सदरात पडली. त्यावर आम्हीही सही केली, हे येथे कबूल केले पाहिजे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये तो पोरगा आमच्या दुकानात आला. बहिणीच्या लग्नासाठी कापड पाहिजे होते. आम्ही त्याला ओळखले नाही, त्यानेच ओळख दिली. ताग्यावरचा भाव वाचण्यासाठी तो पूर्ण मान फिरवत होता. काय करतोस विचारले तर म्हणाला, “शेठ, आता घण मारता येत नाही. दगड किती लांब आहे तेच कळत नाही. राखणदारी करतो, अर्धा पगार मिळतो.” एका डोळ्याने माणसाला अंतराचा अंदाज नीट येत नाही, हे आम्हाला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. त्याला कापड दिले, पैसे घेतले नाहीत. पण त्याने हिशोब मिटतो काय?

त्याच आठवड्यात आमचे एक जुने गिऱ्हाईक, जे वकिली करतात, दुकानात आले असता त्यांना सहज हा किस्सा सांगितला. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि कागद मागितला. पुढे त्यांनी जे सांगितले ते आमच्या प्रत्येक व्यापारी बांधवाने समजून घ्यावे, म्हणून थोडे विस्ताराने देतो.

१९२३ सालापासून आपल्या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा होता. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, परंतु हिशोबाचे सूत्र तेच राहिले आहे. कामावर असताना मजूर मेला तर मासिक पगाराच्या ५० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. कायमचा पूर्ण अपंग झाला तर ६० टक्के गुणिले तोच आकडा. वय जितके कमी तितका आकडा मोठा. पंचविशीला २१६.९१, तिशीला २०७.९८, चाळिशीला १८४.१७. शरीराचा एखादा भाग गेला तर त्याची टक्केवारी परिशिष्टात लिहिलेली आहे. अंगठा गेला तर ३०, एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला तर ४०. हिशोबासाठी पगाराची कमाल मर्यादा २०१० पासून ८,००० रुपये होती, जानेवारी २०२० मध्ये ती १५,००० झाली.

आता आमच्या पोराचा हिशोब पाहा. २०१७ मध्ये त्याची कमाई महिन्याला आठ हजाराच्या वर होती, म्हणून ८,००० धरावयाचे. त्याचे ६० टक्के ४,८००. गुणिले २१६.९१ म्हणजे १०,४१,१६८. त्याचे ४० टक्के म्हणजे ४,१६,४६७ रुपये. आणि आम्ही दिले होते पंचवीस हजार! इस्पितळाचा खर्च यात धरता येत नाही, तो मालकाने वेगळाच द्यावयाचा असतो.

आम्ही म्हटले, अंगठा घेतलेला कागद आहे. वकीलसाहेब हसले. परस्पर तडजोडीचा कागद भरपाई आयुक्तांकडे नोंदवलेला नसेल तर त्याची किंमत रद्दीइतकी. उलट, न नोंदवलेल्या कागदावर दिलेल्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक वजा करण्याचा हक्कही मालकाला आपोआप मिळत नाही. मजुराने आपला हक्क सोडला असे लिहून घेणे तर मुळातच बेकायदा. मृत्यूच्या बाबतीत नियम आणखी कडक आहे. भरपाई वारसांच्या हातात परस्पर दिली तर ती दिली असे कायदा मानतच नाही, ती आयुक्तांकडे जमा करावी लागते. आमच्याकडे कितीतरी मालक मयताच्या घरी जाऊन, चार प्रतिष्ठित लोकांसमोर रोख रक्कम देतात आणि समजतात की आपण दिलदारपणे प्रश्न सोडवला. पुढे कोणी दावा केला तर सारी रक्कम पुन्हा भरण्याची वेळ येते. रक्कम देय झाल्यापासून एका महिन्यात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड वेगळा.

ठेकेदाराचा माणूस होता, आमचा नव्हता, हा बहाणाही चालत नाही. काम आपल्या धंद्याचे असेल तर भरपाई मूळ मालकाने द्यावयाची, नंतर ठेकेदाराकडून वसूल करता आली तर करावी. मजुरानेच चष्मा लावला नाही, हेल्मेट घातले नाही, ही तक्रार काही जखमांच्या बाबतीत ऐकली जाते, पण माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर तीही ऐकली जात नाही.

आम्ही शेवटचा प्रश्न विचारला की आमचा तर फक्त चार आणे हिस्सा आहे. त्यावर वकीलसाहेबांनी १९३२ च्या भागीदारी कायद्याचे २५ वे कलम सांगितले. भागीदार असताना पेढीने जे काही केले त्याला प्रत्येक भागीदार सर्वांसोबतही जबाबदार आणि एकटाही जबाबदार. नफ्याची वाटणी चार आण्यांची असली तरी देणेकऱ्याला सोळा आणे आमच्याकडून मागता येतात. खाणीच्या बाबतीत तर १९५२ च्या खाण कायद्याने स्पष्टच म्हटले होते की मालक जर भागीदारी पेढी असेल तर कोणत्याही भागीदारावर खटला भरता येईल. ‘आम्ही फक्त पैसे लावले’ हे वाक्य त्या कायद्यात कोठेही नव्हते.

साडूंशी बोलण्यास आम्ही जुम्म्याच्या नमाजनंतर गेलो. ते वयाने मोठे, आम्ही त्यांना भाईजान म्हणतो, आवाज चढवण्याचा प्रश्न नव्हता. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “पन्नास माणसांच्या खाली खाणीचा कायदा लागत नाही. आपल्याकडे चौदा आहेत. तुम्हाला कोणीतरी घाबरवले आहे.” भरपाईचा कायदा माणसे मोजत बसत नाही, हे आम्ही त्यांना तेव्हाच सांगितले. पण त्यांचे सारे बोट त्या पन्नासावर होते, आणि आम्ही नंतर चार ठिकाणी विचारले तर बहुतेक खदानवाले हेच सांगतात. यात सत्य थोडे आणि गैरसमज जास्त आहे.

मुरूम, डबर, खडी, बांधकामाचा दगड काढणाऱ्या लहान उघड्या खदानींना १९५२ च्या कायद्यात सूट होती खरी, आणि नव्या संहितेतही तशी ठेवलेली आहे. पण तिच्या तीन अटी आहेत व तिन्ही एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. खोदकामाची खोली सर्वात उंच टोकापासून सर्वात खालच्या टोकापर्यंत कोठेही ६ मीटरपेक्षा जास्त नसावी. कोणत्याही एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसे कामावर नसावीत. आणि स्फोटके वापरलेली नसावीत. आपल्या दख्खनचा काळा पाषाण सुरुंगाशिवाय निघतो काय? आमच्या खदानीची भिंत तीस फुटांहून उंच होती आणि दर आठवड्याला जिलेटीनच्या कांड्या उडत होत्या. म्हणजे पहिल्या सुरुंगापासूनच ती कायद्याच्या भाषेत पूर्ण खाण होती. आणि ज्यांना सूट आहे त्यांनाही काही गोष्टी चुकत नव्हत्या. अठरा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे किंवा खाणीत येऊ देणे मना होते, निरीक्षकाला तपासणीचा अधिकार होता. खदानीतच झोपडी टाकून राहणाऱ्या कुटुंबांची लेकरे दगडांत खेळताना आपण रोज पाहतो.

हा प्रश्न फार पूर्वी सुप्रीम कोर्टात गेलेला आहे. १९८२ मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चाने हरियाणातील फरिदाबाद जिल्ह्यातील दगडखाणींच्या मजुरांविषयी कोर्टाला एक पत्र लिहिले. कोर्टाने त्या पत्रालाच अर्ज मानले आणि डिसेंबर १९८३ मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकाल दिला. वेठबिगारीचा निकाल म्हणून तो प्रसिद्ध आहे, परंतु त्यात दगडखाणी या खाण कायद्याखाली येतात हेही ठरवले गेले, आणि पिण्याचे पाणी, धूळ, औषधोपचार याबद्दल सरकारला आदेश दिले गेले. म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ ही गोष्ट निकालात लिहिलेली आहे आणि आमच्या खदानवाल्यांपर्यंत पोहोचलेली नाही.

कारण असे की महसूल खाते राज्याचे, पण खाणीतील सुरक्षिततेचे खाते केंद्राचे. खाण सुरक्षा महानिदेशालय १९०२ मध्ये सुरू झाले, मुख्यालय धनबादला आणि पश्चिम विभागाचे कार्यालय नागपूरला. तहसील कार्यालयाला खडीचा ब्रास दिसतो, कारण त्यावर पैसे येतात. खाण उघडल्याची नोटीस महानिदेशालयाला पाठवणे हे मालकाचे काम आहे, आणि मालकाने पाठवली नाही तर खाण तेथील कागदावर जन्मालाच येत नाही. स्फोटकांचे खाते तिसरेच, त्याचे मुख्यालयही नागपूरला आहे. आमच्याकडे येणाऱ्या सुरुंगवाल्याचा परवाना कोणाच्या नावाचा आहे हे साडूंनी पाच वर्षांत एकदाही पाहिले नव्हते.

पोराच्या भरपाईचे काय झाले ते आधी सांगतो. साडू तयार नव्हते. दोन वर्षांच्या आत दावा करण्याची मुदत होती आणि ती मार्चमध्ये संपत होती. साडू म्हणाले, मार्च जाऊ द्या. आम्ही म्हणालो, मार्चच्या आतच करू, आणि तुम्ही सही केली नाही तर आम्ही एकटे करू. घरात आमच्या बेगम आणि त्यांच्या बहिणीत पंधरा दिवस बोलणे बंद झाले. अखेर साडूंनी सही केली. तडजोडीचा कागद आयुक्तांपुढे नोंदवला गेला. ४,१६,४६७ मूळ, आणि दोन वर्षांचे १२ टक्क्यांनी व्याज ९९,९५२, एकूण ५,१६,४१९ रुपये. आधी दिलेले पंचवीस हजार आम्ही कापून घेतले नाहीत. एप्रिल २०१९ मध्ये रक्कम त्याच्या बँकेत गेली.

आता खदानीविषयी. नोटीस पाठवल्यावर यथावकाश निरीक्षक आले. साडूंना भीती होती की कुलूप लागेल. कुलूप लागले नाही, पण भिंतीखालचे काम बंद करण्यास सांगितले गेले आणि जे दाखवले गेले ते पाहून आम्हाला पहिल्यांदा समजले की आपली माणसे कशाखाली उभी होती. आम्ही यापूर्वी तेथे कितीतरी वेळा गेलो होतो, त्याच भिंतीखाली खुर्ची टाकून चहा प्यायलो होतो!

लहान खदानीत काम नेहमी खालून खाल्ले जाते. पायथ्याचा दगड पहारीने किंवा पोकलेनने ओढला की वरचा आपोआप येतो, त्यात डिझेल वाचते, ड्रिलिंग वाचते. १९६१ च्या धातुमय खाण विनियमांत याला साफ मनाई केलेली आहे. भिंत खालून पोखरून वरचा भाग लोंबता ठेवू नये. मुरूम, माती, सुटा थर असेल तर त्याचा उतार ४५ अंशांपेक्षा खडा नसावा, किंवा दीड मीटरपेक्षा उंच नसलेल्या पायऱ्या पाडाव्यात आणि पायरीची रुंदी तिच्या उंचीइतकी तरी असावी. कठीण दगडातही पायऱ्या किंवा उतार देऊन बाजू सुरक्षित केल्याशिवाय काम करू नये. काम वरून खाली यावयाचे. आपल्या बेसाल्टमध्ये आणखी एक धोका आहे. लाव्हाच्या दोन थरांमध्ये पुष्कळ ठिकाणी लाल मातीचा पट्टा असतो. उन्हाळ्यात तो विटेसारखा कडक दिसतो आणि पावसाचे पाणी मुरले की साबणासारखा होतो, वरचा थर त्यावरून सरकतो. आमच्या भिंतीत बरोबर मध्यावर असा हातभर पट्टा होता. मजूर त्याला गेरू म्हणत आणि पावसाळ्यात त्या बाजूला जात नसत. त्यांना माहीत होते, मालकांना नव्हते.

सुरुंगाची गोष्ट याहून गंभीर. नियमाप्रमाणे सुरुंगाच्या जागेपासून ३०० मीटरच्या आतली सर्व माणसे बाहेर काढावी लागतात किंवा पक्क्या आडोशाला न्यावी लागतात, सुरुंग लावणाऱ्याजवळ खाण खात्याचे प्रमाणपत्र असावे लागते. आमच्याकडे एक पोरगा शिट्टी वाजवत रस्त्यावर उभा राहत असे, तेवढेच. वातीचा सुरुंग फसला तर अर्धा तास कोणी जवळ जाता कामा नये, आणि फसलेल्या भोकात पुन्हा ड्रिल घालणे तर सक्त मना. किमान ३० सेंटिमीटर दूर, समांतर नवे भोक मारून तो उडवावा लागतो. जुन्या भोकाच्या तळाशी उरलेली दारू असू शकते. ड्रिलवाल्याला मात्र जुने भोक म्हणजे फुकटचे अर्धे काम वाटते, विशेषतः त्याची मजुरी फुटावर असेल तेव्हा. आमच्या मशीनवाल्याने हे कितीदा केले असेल हे आम्ही विचारले तेव्हा तो नुसता हसला. फुटावरची मजुरी बंद करून त्याला महिन्याचा पगार लावला. आम्ही केलेल्या बदलांत हा सर्वात स्वस्त आणि बहुधा सर्वात कामाचा.

चष्म्याचा किस्सा वेगळा आहे. चौदा प्लास्टिकचे चष्मे आणले, आठ दिवसांत सारे खुंटीला टांगलेले. मुकादमाला रागावलो. त्याने एक चष्मा आमच्याच डोळ्यावर चढवला आणि उन्हात उभे केले. पाच मिनिटांत घामाची वाफ काचेवर धरली, समोरचा घण दिसेना. मग बारीक तारेच्या जाळीचे चष्मे आणले. त्यात वारा खेळतो, कपची अडते, पण धूळ अडत नाही, म्हणून ते फक्त घणवाल्यांना. क्रशरवर काचेचेच. कापडाच्या धंद्यात जसे एका मालावर सगळे गिऱ्हाईक राजी होत नाही, तसेच हे आहे.

क्रशरवर पट्ट्याजवळ जाळी बसवली आणि गमछा गळ्यात घालून पट्ट्याजवळ जाण्यास मना केले. हे गमछे आम्हीच ताग्याने विकतो. पूर्वी लूमवर वरून पट्टे फिरत तेव्हा आमच्या वडिलांच्या वेळी सैल बाहीचा कुर्ता घालून खात्यात येणाऱ्याला मुकादम परत पाठवत असे. फिरत्या रोलरमध्ये कपड्याचे टोक गेले तर माणूस सोडवून घेऊ शकत नाही, आणि स्विच दुसऱ्या टोकाला असतो. आता पट्ट्याच्या पूर्ण लांबीला दोरी बांधली आहे, कोठूनही ओढली की मशीन थांबते.

धुळीबद्दल आमच्या भागातले लोक म्हणतात की दगडाच्या धुळीने टीबी होतो. खरे पाहता सिलिकोसिस हा वेगळा आजार आहे, फुप्फुसात बसलेली सिलिकाची बारीक धूळ त्याला कारण असते, आणि तो बरा होत नाही. ज्याला तो आहे त्याला टीबी लवकर धरतो, म्हणून दोन्हींची गफलत होते आणि वर्षानुवर्षे चुकीची औषधे चालतात. राजस्थानचा वालुकाश्म क्वार्ट्झने भरलेला, तेथे हा आजार इतका पसरला की २०१९ मध्ये तेथील सरकारला स्वतंत्र धोरण आणावे लागले. प्रमाणपत्र मिळालेल्या रोग्याला ३ लाख आणि मृत्यूनंतर वारसांना २ लाख. आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये मोकळा क्वार्ट्झ फारच कमी, हे आमचे नशीब म्हणावे. पण धूळ ती धूळ, खोकला कोणाला चुकत नाही. क्रशरपासून ३ ते १० मीटर अंतरावर हवेतील धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये असे पर्यावरणाचे मानक आहे. पाण्याचे फवारे, पत्र्याचे झाकण आणि वाऱ्याच्या बाजूला भिंत, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. आमच्याकडे फवारे आहेत, उन्हाळ्यात टँकर महाग झाला की ते बंद असतात, हेही सांगून टाकतो. त्यावरून मुनीमशी आमचे दर एप्रिलमध्ये भांडण होते.

या सर्वाला खर्च किती आला? भिंत मागे घेऊन पायऱ्या पाडण्यास सात आठवडे विक्री जवळजवळ बंद राहिली, तोच मोठा खर्च. जाळ्या, चष्मे, बूट, हेल्मेट, औषधपेटी सारे मिळून त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकेही झाले नाही. प्रमाणपत्र असलेला मेट ठेवला, त्याचा पगार कायमचा वाढला. मजुरांचा विमा काढला. विम्यात एक गोष्ट लक्षात ठेवावी की पॉलिसी पगाराच्या आकड्यावर असते. हप्ता वाचवण्यासाठी चौदाच्या जागी आठ माणसे दाखवली तर दाव्याच्या दिवशी नववा माणूस कोण हे कंपनी विचारणारच. आणि उशिराचा दंड पॉलिसी सहसा भरत नाही.

काही वाचक विचारतील की आता कायदा बदलला, मग जुन्या नियमांचे काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि खाणीचा १९५२ चा कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे आले, ठरलेल्या वयाच्या कामगारांची दरवर्षी मोफत वैद्यकीय तपासणी आली. नियमभंगामुळे माणूस दगावला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा ५ लाखांपेक्षा कमी नाही इतका दंड, किंवा दोन्ही, आणि त्या दंडाची निम्मी तरी रक्कम वारसांना देण्याचा आदेश कोर्ट करू शकते. ही भरपाईच्या वरची गोष्ट आहे. भरपाईही आता लहान राहिलेली नाही. तीस वर्षांचा माणूस, पगार १५,००० धरला तर मृत्यूचे १५,५९,८५० रुपये होतात. लहान खदानीचा किती महिन्यांचा नफा हा, ते प्रत्येकाने आपल्या वहीत पाहावे.

ज्यांचा कोठे हिस्सा आहे त्यांना आमचा सल्ला इतकाच की एक दिवस दुकान मुलाकडे सोपवून खदानीवर जावे. परवान्याची फाईल मागण्याआधी भिंतीकडे पाहावे. सुरुंगवाल्याचे प्रमाणपत्र त्याच्या फोटोशी जुळवून पाहावे, औषधपेटी आपल्या हाताने उघडावी. मजुरांना विचारावे की पावसाळ्यात तुम्ही कोणत्या बाजूला जात नाही. ज्यांच्याजवळ वेळ नाही त्यांनी हिस्सा काढून घ्यावा, त्यातही काही कमीपणा नाही.

आमची खदान चालू आहे. तीन पायऱ्या झाल्या आहेत, पोकलेन आता वरून काम करते. तो पोरगा आमच्याच क्रशरच्या काट्यावर गाड्यांची नोंद करतो, अक्षर चांगले आहे. साडूंनी त्यांच्या बारा आण्यांच्या ३,८७,३१४ रुपयांपैकी दोन लाख दिले. उरलेले १,८७,३१४ आम्ही भरले होते, ते आमच्या वहीत त्यांच्या नावे येणे म्हणून अजून उभे आहेत.